पिकअप उंच करायचीय? आधी ती ‘बसलीय’ का ते बघा

बेळगाव : पावसाळा ओसरत आला की जांबोटी, कणकुंबी, खानापूर पट्ट्यातल्या पिकअपवाल्यांच्या तोंडी एकच विषय असतो. गाडीचं पोट घासतंय. शेतातून मुख्य रस्त्याला येणाऱ्या वाटेवर चाकोऱ्या पडलेल्या असतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि माल भरलेली गाडी त्यावर टेकते. गावागावांतले गतिरोधक वेगळेच. मग कुणीतरी सांगतो, ‘दोन पाटे जादा टाक, गाडी वर येते बघ.’ दुसरा सांगतो, ‘ठोकळा घाल, स्वस्तात होतं.’

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. गाडी स्वस्तात वर येते हे खरं. पण कुठला भाग वर येतो आणि त्याच्या बदल्यात काय जातं, हे गॅरेजमध्ये फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडची पिकअप हौसेची गाडी नाही. पहाटे भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला उतरणारी, घर चालवणारी गाडी आहे. म्हणून खर्च करण्याआधी हे वाचून घ्या.

आधी टेप घ्या, मग पाकीट काढा

पाच-सहा वर्षं लोड ओढलेली बहुतेक पिकअप मुळात ‘बसलेली’ असते. पाट्यांची कमान सरळ झालेली असते, एखादा पाटा तुटलेला असतो, बुश झिजलेले असतात. अशा गाडीला उंची वाढवण्याची नाही, गेलेली उंची परत मिळवण्याची गरज असते.

ते ओळखायची पद्धत सोपी आहे. गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा. चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरा. आता प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या किंवा हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. त्याच मॉडेलची नवी गाडी कुणाकडे असेल तर तिचीही मापं घ्या. तुमची गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली असेल, किंवा डाव्या-उजव्या बाजूत फरक असेल, तर दोष पाट्यात आहे.

त्यानंतर गाडीखाली वाकून बघा, ओरखडे कुठे पडलेत? स्टेपनीला असतील तर तिची साखळी सैल आहे, ती आवळली की काम झालं. सायलेन्सरला असतील तर त्याचं लटकतं रबर बदला. पुढच्या बंपरखालच्या पत्र्याला असतील तर गाडी पुढून बसलीय. आणि मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला ओरखडे असतील, तर पुढचा परिच्छेद नीट वाचा.

पाटे वाढवून डिफरन्शियल वर येत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. पिकअपचा मागचा ॲक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंतची अखंड दांडी. ती टायरवर उभी असते. पाटे त्या दांडीच्या वर असतात आणि चॅसी पाट्यांच्या वर. त्यामुळे पाटा टाका, ठोकळा घाला, शॅकल लांब करा, वर जाते ती चॅसी, हौदा आणि केबिन. ॲक्सल आणि त्याच्या मधला गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो.

तो गोळा वर न्यायचा तर उपाय एकच : मोठा टायर. टायरचा व्यास जेवढा वाढेल, त्याच्या निम्म्यानं ॲक्सल वर येतो. हिशोब बघा. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा ७३३. फरक ३० मिलिमीटरचा, म्हणजे ॲक्सल वर आला १५ मिलिमीटर. दीड सेंटिमीटर फक्त! त्यासाठी चार टायरचे पैसे. शिवाय मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी खरी ६२-६३ नं पळत असेल आणि चढावर ओढ कमी होईल. टायर घेताना त्याची भार पेलण्याची क्षमता जुन्यापेक्षा कमी नाही ना, हे बघणं तर सक्तीचंच. दिसायला रुंद पण कारसाठी बनवलेला टायर लोडखाली फुटू शकतो.

म्हणून टायर झिजले असतील आणि बदलायचेच असतील, तेव्हाच याचा विचार करा. तेही कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेल्या मापांमध्येच.

स्वस्तातले उपाय, एकेक करून

*पाटे दुरुस्त करणे.* हा पहिला आणि बहुतेकांना पुरणारा उपाय. तुटलेला पाटा, झिजलेले बुश आणि शॅकल पिना बदलायच्या. कमान गेलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन मिळते, पण तिथे मेस्त्री कसा आहे हे महत्त्वाचं. पाटा नुसता लाल करून ठोकला आणि तसाच गार होऊ दिला, तर पोलादाचा ताव जातो. काही महिन्यांत गाडी परत बसते. तापवल्यावर पाणी देऊन, पुन्हा बेतानं तापवून ताव आणणारा कारागीर असेल तरच हे काम द्या. नाहीतर थोडे जास्त घालून कंपनीच्या मापाचा नवा सेट घेतलेला परवडतो.

*जादा पाटा टाकणे.* आपल्याकडे सर्रास चालतं. गाडी दोन-तीन सेंटिमीटर वर येते आणि लोडखाली कमी बसते. मात्र पाट्याच्या जाडीचं गणित डोक्यात ठेवा. ताठपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी ९ मिलिमीटरचा पाटा टाकला, तर जाडी वाढली एक मिलिमीटर, पण त्या पाट्याचा ताठपणा वाढला ४२ टक्के. मेस्त्रीनं ‘जरा जाड टाकतो’ म्हटलं की ‘नको’ म्हणा. अती ताठ गाडी रिकामी परतताना खडबडीत रस्त्यावर मागून उड्या मारते, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागची चाकं पकड सोडतात. आणि टोमॅटो नेत असाल तर तळातला क्रेट बाजारात पोचेपर्यंत रस होतो.

पाटा टाकताना सेंटर बोल्ट लांब लागतो आणि यू-बोल्ट नवेच घ्यावेत. जुने एकदा ताणले गेलेले असतात. दोन-तीनशे किलोमीटर गाडी फिरली की ते पुन्हा आवळून घ्या. हे विसरल्यामुळे सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल सरकतो.

*लांब शॅकल.* पाट्याच्या एका टोकाचा दुवा लांब करायचा. इथे एक गंमत आहे. शॅकल ५ सेंटिमीटर लांब केला, तरी गाडी वर येते अडीच सेंटिमीटर, कारण पाट्याचं एकच टोक खाली ढकललं जातं. त्यात डिफरन्शियलचं तोंडही थोडं फिरतं, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो आणि गाडी थरथरायला लागते. स्वस्त आहे, पण आमच्या मते पैसे घालण्यासारखा नाही.

*ठोकळा.* ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालून यू-बोल्टनं आवळतात. सगळ्यात कमी खर्चाचं काम. ते करायचंच असेल तर तीन गोष्टी पाळा. ठोकळा मागेच घालायचा, पुढच्या चाकांना कधीही नाही, कारण ब्रेक लावताना आणि वळताना पुढच्या ॲक्सलवर येणारा पीळ तो सहन करत नाही. एकावर एक दोन ठोकळे रचायचे नाहीत. आणि लाकडाचा तुकडा तर चुकूनसुद्धा नको.

*पुढची बाजू.* ज्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार असतो, त्यांचा समायोजनाचा बोल्ट फिरवून पुढची उंची जवळजवळ फुकटात थोडी वाढते. पण लगेच व्हील अलाइनमेंट केलं नाही, तर नवे टायर एका कडेनं खाल्ले जातात. हेडलाइटचा झोतही बदलतो, तो खाली घ्यायला विसरू नका.

घाटात कळतं ते गॅरेजमध्ये कळत नाही

आता मुद्द्याचं. अनेक पिकअपच्या मागच्या बाजूला, चॅसीवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी लोड झाली की चॅसी खाली येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्हला कळतं की माल भरलाय. मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊ नयेत.

तुम्ही मागची बाजू पाच सेंटिमीटर उचलली आणि ती दांडी तशीच ठेवली, तर काय होईल? गाडीत दीड टन माल असला तरी चॅसी वरच राहणार. व्हॉल्व्हला वाटणार, गाडी हलकी आहे. मागचे ब्रेक अर्धवटच लागणार आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर. गावातल्या सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही. पण चोर्ल्याचा उतार उतरताना एकापाठोपाठ एक वळणं येतात, पुढचे ब्रेक तापत जातात आणि पेडल मऊ लागायला लागतं. तेव्हा कळून उपयोग नसतो.

म्हणून पाटा टाका की ठोकळा घाला, मेस्त्रीला स्पष्ट सांगा : ‘त्या व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीप्रमाणे सेट करून दे, आणि मागचा ब्रेकचा पाईप ताणला जात नाही ना ते बघ.’ त्याला व्हॉल्व्ह कुठे आहे हेच माहीत नसेल, तर दुसरं गॅरेज शोधा.

दुसरी गोष्ट कलंडण्याची. वळणावर गाडी किती तग धरेल, हे ढोबळमानानं दोन चाकांमधल्या निम्म्या अंतराला मालासकटच्या वजनाच्या मध्याच्या उंचीनं भागून कळतं. समजा निम्मं अंतर ७० सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य ९० सेंटिमीटरवर आहे. उत्तर ०.७८. गाडी ५ सेंटिमीटर उचलली की तेच ०.७४ होतं. फरक पाच टक्क्यांचा, कागदावर किरकोळ. पण आपल्याकडे क्रेट केबिनच्या वर दोन थर रचलेले असतात, म्हणजे मध्य आधीच वर गेलेला. त्यात ही भर. गाडी उंच केली असेल तर माल बुटका रचा, जड पोती तळाला टाका.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीत दिलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या तपशिलात मालकाला मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा केंद्राचा आहे. गाडी केए असो, एमएच असो की जीए, सीमा ओलांडली म्हणून तो बदलत नाही.

झिजलेला पाटा काढून त्याच मापाचा घालणं ही दुरुस्ती झाली. त्यानं एफसी अडत नाही. ठोकळे, लांब शॅकल, मापाबाहेरचे टायर हा बदल झाला. एफसीला हरकत निघू शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं ते नोंदवलं तर दावा अडकू शकतो. कर्जावर घेतलेल्या गाडीचा दावा अडकला की हप्ता चालूच राहतो, गाडी मात्र उभी.

आणि एक. जादा पाटे टाकल्यानं गाडी वाकत नाही, म्हणून आरसीवरची वजनाची मर्यादा वाढत नाही. जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक कंपनीनं जेवढ्या वजनासाठी दिले, तेवढ्याचेच राहतात.

मग करायचं काय?

क्रम असा ठेवा. टायरमधली हवा आणि स्टेपनी बघा, खर्च शून्य. बुश, पिना आणि तुटके पाटे बदला. तरी गाडी बसत असेल तर मूळ मापाचा पाट्यांचा नवा सेट टाका. टायर बदलायची वेळ आली की कंपनीनं मंजूर केलेल्यातलं मोठं माप आहे का, विचारा. यातल्या कशालाही परवानगी लागत नाही, आणि बसलेली गाडी एवढ्यावरच तीन-चार सेंटिमीटर वर येते. गतिरोधकाला तेवढं पुरतं.

तरीही शेताच्या वाटेवर गोळा टेकत असेल, तर दोष गाडीचा नाही, वाटेचा आहे. चार शेतकऱ्यांनी मिळून दोन ट्रॉली मुरूम टाकला आणि मधला उंचवटा सपाट केला, तर त्या वाटेवरच्या सगळ्याच गाड्या एकदम ‘उंच’ होतात. तेही आरटीओला न विचारता.