पिल्लाच्या मस्तकाला मार लागतो तेव्हा

पिल्लू हातून निसटून फरशीवर आपटले, जिन्यावरून गडगडले, अथवा उभ्या मोटारीखाली निजलेले असताना चाकाचा निसटता तडाखा त्याच्या डोक्यास बसला, तर ते क्षणभर केकाटते, अंग झाडून उठते आणि दुधाच्या वाटीकडे वळते. घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि खरी हयगय तेथूनच सुरू होते.

कवटी ही चहूबाजूंनी बंद असल्यामुळे आतील मेंदूस सूज आली अथवा रक्तस्राव झाला, की वाढता दाब बाहेर निघण्यास वाटच उरत नाही. त्या दाबाने मेंदूचा रक्तपुरवठा आक्रसतो, आणि रक्त कमी पडल्याने सूज आणखी बळावते. हे चक्र पहिल्या 24 ते 48 तासांत केव्हाही उग्र रूप धारण करू शकते. चिवावासारख्या चिमुकल्या जातींच्या पिल्लांची टाळू पुष्कळदा पुरती भरलेली नसते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत लहानशी पडझडही क्षुल्लक मानू नये.

हाक मारूनही न हटणारी ग्लानी, पुन्हा पुन्हा होणारी उलटी, एका अंगास कललेली मान, एकाच दिशेने गोल फिरणे, डोळ्यांचे आपोआप होणारे हेलकावे, नाकाकानांतून रक्त, झटके, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब करू नये. डोळ्यांच्या बाहुल्या विशेष निरखाव्यात: एक लहान व एक मोठी दिसणे चिंताजनक; दोन्ही विस्फारलेल्या असून उजेडानेही आकुंचन पावत नसतील, तर स्थिती अत्यंत गंभीर समजावी.

अशा वेळी मायेपोटी केलेली घाई घात करते. शुद्धीवर आणण्यासाठी पिल्लाला गदागदा हलवणे, तोंडात पाणी ओतणे (गिळण्याची शक्ती नसल्यास ते श्वासनलिकेत उतरते), झटके आले म्हणून कांदा हुंगवणे, हे सारे कटाक्षाने टाळावे. माणसांसाठीच्या पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन या गोळ्या तर कुत्र्यांना विषवत ठरू शकतात. गळ्यातील पट्टा काढावा, कारण मानेच्या शिरा दाबल्या गेल्यास डोक्यातील रक्त परतण्यास अडथळा होतो. पिल्लाला एखाद्या पाटावर अलगद सरकवून, मान सरळ राखून, पाटाची डोक्याकडील बाजू किंचित उचललेली ठेवावी, अंगावर हलके पांघरूण घालावे आणि पशुवैद्यांना आगाऊ वर्दी देऊन निघावे. वेदनेने भांबावलेले मायाळू पिल्लूही चावते, हे ध्यानात असावे.

दवाखान्यात प्राणवायू, शिरेतून द्रव आणि दाब उतरवणारे मॅनिटॉल यांची तजवीज होते. स्टेरॉइडचा आग्रह मात्र मालकांनी धरू नये. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या माणसांवरील एका मोठ्या चाचणीत मस्तकाघातानंतर ते औषध दिलेल्या रुग्णांत मृत्यू अधिक आढळले, आणि पशुवैद्यकातही आता या कामी ते देऊ नये असेच मत आहे.

वेळेवर इलाज झाल्यास कोवळी पिल्ले आश्चर्य वाटावे इतकी सावरतात, जरी काहींना पुढे महिन्यांनी झटके येण्याचा संभव राहतो. म्हणून ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांनी रात्री-अपरात्री उघडा असणारा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, याची चौकशी आजच करावी आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक घरातील प्रत्येकास ठाऊक करून द्यावा.