मिरकरवाड्याच्या नौकांची पावसाळी बेगमी
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात 1 जून उजाडला की नौका किनाऱ्याला लागतात. 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. जाळी उतरतात, नौकांवर ताडपत्री किंवा झावळ्यांचे झाप चढतात. खरी काळजी घ्यायची असते ती मात्र पोटातल्या इंजिनाची.

अनेक नौकांचे डिझेल इंजिन थंड ठेवायला समुद्राचेच पाणी खेळवले जाते. नौका चालू असताना ते वाहते राहते. बंद पडल्यावर नळ्यांत साचते आणि तिथे मीठ धरते. दोन महिन्यांत धातू खाल्ला जातो. म्हणून आधी गोडे पाणी खेळवून सारा मार्ग धुवायचा आणि मग तेही पूर्ण काढून टाकायचे. पंपातला रबरी पंखा काढून ठेवला तर पाकळ्या वाकून बसत नाहीत. जस्ताचे तुकडे झिजले असतील तर बदलावेत. गंजाचा पहिला घास तेच होतात.

नळ्यांत साचलेले पाणी इतरत्रही घातक ठरते, पण कॅनडा-अमेरिकेत फिरत्या घरांच्या मालकांपुढे थंडीत वेगळे संकट असते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि नळी फुटते. म्हणून तिथे नळ्यांत प्रोपिलीन ग्लायकॉल हे गोठणरोधक भरतात. मोटारीच्या कूलंटमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या नळीत ते कदापि घालू नये.

कोकणात पाणी गोठत नाही, तरीही ज्या इंजिनांत गोड्या पाण्याचा बंद फेरा असतो, त्यांत कूलंट महत्त्वाचा: त्यातली गंजरोधके इंजिन जपतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास नौका पुन्हा निघतात, तेव्हा भर समुद्रात तापलेल्या इंजिनासह अडकायची वेळ कुणावर येऊ नये, यासाठी नौका किनाऱ्याला लागताच दोन दिवस या कामाला द्यायलाच हवेत.