सावलीला मारायचं नसतं: प्रिन्स ऑफ पर्शिया, एक्सॉर आणि माझ्या पेशी

गेल्या रविवारी हिंजवडीत असा पाऊस होता की खाली उतरून वडापाव आणायचीही हिंमत झाली नाही. लॅपटॉपवर मायक्रोस्कोपचे फोटो उघडे होते. त्यातल्या एकेका पेशीची कड माउसने गिरवायची, हे माझ्या पीएचडीचं सध्याचं काम. चाळिसाव्या पेशीला हात दुखायला लागला, आणि मी ब्राउझरमध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' उघडला. इंटरनेट आर्काइव्हवर जुने डॉसचे गेम तसेच खेळता येतात, ही माहिती माझ्या गाइडपर्यंत न पोचलेली बरी.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, चपला बाहेर काढून, एका मशीनवर चौघं मिळून आम्ही हा गेम खेळायचो. गोष्ट साधी. दुष्ट वजीर जाफरने राजकन्येला कोंडलंय, तुमच्याकडे ६० मिनिटं आहेत. (वाकडच्या पुलावरून फेज थ्रीला जायला संध्याकाळी एवढ्या वेळात मीही तयार होणार नाही, पण ते असो.) खाली सुळे, वर धाडकन बंद होणारे जबडे, पायाखाली निसटणाऱ्या फरश्या. राजवाडा बांधणाऱ्या कंत्राटदाराला एकदा भेटायचंय.

पुन्हा खेळताना पहिल्यांदा जाणवलं ते राजपुत्राचं वजन. पळताना थांब म्हटलं तर तो लगेच थांबत नाही, दोन पावलं घसरतो. तेवढ्यात खड्डा आला तर संपलंच. याचं कारण तो खरा माणूस आहे. जॉर्डन मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगमध्ये पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग एकेका फ्रेमचे फोटो घेऊन, काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृतीची कड गिरवली, आणि ते कॉम्प्युटरमध्ये घेतलं. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजी त्याने १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या सिनेमातून उचलली.

म्हणजे बघा, हा माणूस कड गिरवत बसला होता. माझ्यासारखाच. फरक इतकाच की त्याच्यातून गेम निघाला.

पण आज सांगायचंय ते सावलीबद्दल. चौथ्या लेव्हलला वाटेत अचानक एक आरसा उभा राहतो. पळत येऊन त्यातून उडी मारावीच लागते. मारली की दुसऱ्या बाजूने तुमचीच झिरझिरीत प्रतिकृती बाहेर पडते आणि तुमचा जीव एका ठिपक्यावर येतो. पुढच्या लेव्हलला ती तुमच्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन पळते. त्याच्या पुढच्या लेव्हलला ऐन उडीच्या वेळी दार बंद करून तुम्हाला खाली पाडते. लहानपणी मला जाफरपेक्षा हिचा राग जास्त होता.

ही सावली जागेच्या टंचाईतून जन्मली. मूळ गेम १९८९ चा, ॲपल टू मशीनवरचा, आणि मेमरी १२८ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही यापेक्षा मोठा असू शकतो. सहकारी टोमी पिअर्स मेकनरला सारखी सांगायची, यात लढाई हवी. पण डेव्हिडच्या पळण्या-उडण्यातच मेमरी संपलेली, शत्रूची चित्रं ठेवायची कुठे? मग त्याने राजपुत्राचीच चित्रं वापरली आणि ती एका क्रियेतून काढली: एक्सॉर.

एक्सॉर तुमच्या जिन्यात आहे. दिवा एक, बटणं दोन, एक खाली आणि एक वर. दोन्ही बटणं सारख्या स्थितीत असली तर दिवा बंद, वेगळ्या स्थितीत असली तर चालू. (वायरमनने उलटं जोडलं असेल तर उलट.) कॉम्प्युटर हेच ० आणि १ वर करतो: सारखे असले तर ०, वेगळे असले तर १.

आता राजपुत्राच्या छातीची एक ओळ घ्या: ०१११११०. ती एक घर उजवीकडे सरकवा: ००१११११. दोन्हींचं एक्सॉर करा: ०१००००१. मधलं सगळं गायब, उरल्या फक्त दोन कडा! कारण शरीराच्या आत शेजारी शेजाऱ्यासारखाच असतो, फरक पडतो तो जिथे शरीर संपतं तिथे. अशा सगळ्या ओळी जोडल्या की राजपुत्राचं भूत तयार. नवीन चित्र एकही नाही. पुढे खटपट करून मेकनरने आणखी मेमरी मोकळी केली आणि मग तलवारवाले पहारेकरी आले, पण सावलीची सर एकालाही नाही, असं माझं मत.

माझ्या पेशींवर हीच युक्ती लावता येते, थोडी बदलून. करड्या फोटोत ० आणि १ नसतात, छटा असतात. म्हणून एक्सॉरऐवजी वजाबाकी: प्रत्येक पिक्सेलमधून शेजारचा वजा करायचा, फरक मोठा आला तर कड. अडचण अशी की धुळीच्या कणालाही कड असते आणि कॅमेऱ्याच्या खरखरीलाही. म्हणून आधी फोटो किंचित धूसर करायचा, मग फरक काढायचा, मग पुसट रेघांपैकी ठळक रेघेला चिकटलेल्या तेवढ्याच ठेवायच्या. जॉन कॅनीने ही रीत १९८६ मध्ये नीट मांडली, आजही ती सर्रास वापरतात. पण दोन पेशी एकमेकींना खेटून बसल्या की त्यांच्यात फरकच उरत नाही, आणि मग कॅनीही हात टेकतो. तिथे माणूस बसवून गिरवून घ्यावं लागतं. तो माणूस मी.

बाराव्या लेव्हलला सावली तलवार काढून समोर येते. शाळेत आम्ही तिला त्वेषाने मारायचो आणि स्वतःच मरायचो, कारण तिला बसलेला प्रत्येक घाव तुमचाच जीव कमी करतो. आम्हाला वाटायचं मशीन बिघडलंय. करायचं असतं ते एवढंच: तलवार म्यान करायची. तीही करते. मग सरळ तिच्या अंगावर पळत जायचं आणि दोघं एक होतात. त्यानंतर समोरच्या पोकळीत बिनधास्त पाऊल टाकायचं, पायाखाली फरशी आपोआप उमटत जाते.

रविवारी रात्री मी तलवार म्यान केली, फरश्या उमटल्या, जाफरपर्यंत पोचलो. त्याने मला दोनदा मारलं आणि तिसऱ्यांदा ६० मिनिटं संपली. राजकन्या अजून आतच आहे. मंगळवारी लॅब मीटिंग आहे आणि दोनशे साठ पेशी बाकी आहेत.