भांगलण तिची, नोंद कुणाची?



गेल्या आडसाली लागणीच्या वेळची गोष्ट. एका गट कचेरीत ऊस नोंदीचे काम चालू होते आणि आम्ही सहज म्हणून तिथे बसलो होतो. तेवढ्यात पस्तिशीच्या एक बाई धाकट्या दिराला बरोबर घेऊन आल्या. मालक उन्हाळ्यात अचानक गेलेले. दोन एकर लागण त्यांनी स्वतः उभी राहून करून घेतली होती. त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. क्लार्कने ते खालीवर पाहिले आणि परत केले.

"वैनी, उताऱ्यावर नाव अजून दादांचंच हाय. वारस नोंद झाल्याबिगर मला काय लिवता यायचं न्हाई."

"भाऊसाहेब, लागण म्या केली. बेणं म्या आणलं. रात्रीच्या लाईटीला दारं म्या धरली. ऊस माझा न्हाई तर कुणाचा?"

यावर भाऊसाहेबांना उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही सुचले नाही. क्लार्कचे चुकले असेही नाही, कारण नियमच तसा आहे आणि कागदाला हात दिसत नाहीत, नाव तेवढे दिसते. बाईंना तलाठ्याकडे कसे जायचे ते समजावून सांगितले आणि त्या निघून गेल्या. पण त्यांचा प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला. म्हणून या अंकात तोच विषय आपल्यापुढे ठेवीत आहोत.

एका उताऱ्यावर किती गोष्टी टांगलेल्या!

आपल्या भागात सातबारा म्हणजे नुसता कागद नव्हे. उताऱ्यावर नाव असेल तर सोसायटीचे पीक कर्ज. जमीन नावावर असेल तर कारखान्याचा शेअर. शेअर असेल तर सभासद क्रमांक, सवलतीची साखर आणि सर्वसाधारण सभेचे आमंत्रण. नोंद असेल तर तोडणीची पाळी, आणि पाळी आली की उसाचे बिल खात्यावर. निवडणूक लागली की मतदार यादीत नावही तेच. म्हणजे उताऱ्यावर एक ओळ नसली की पुढच्या पाच-सहा वह्यांतून माणूस आपोआप गळतो.

आता शेतातले काम पाहा. बेणे सोलणे, कांडी मांडणे, भांगलण, खत टाकणे, पाचट आवरणे ही कामे बहुतेक घरांत बायकाच करतात. वर जनावरांची वैरण आणि घरचा सैपाक आहेच. आणि तरीही देशाच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेत शंभर खात्यांपैकी सुमारे चौदाच खाती स्त्रियांची निघाली. क्षेत्र पाहिले तर ते बारा टक्क्यांच्याही आत.

आम्ही आपल्याच एका गटाची सभासद यादी चाळली. पाने उलटावीत तेव्हा कुठे एखादे बाईचे नाव सापडते. त्यातही बरीच नावे नवरा वारल्यानंतर वारस म्हणून लागलेली. काही नावे नवरा हयात असताना लागलेली आहेत, पण त्यांतल्या एका माउलीला आम्ही विचारले, "मावशी, यंदा बिल किती आलं?" तर त्या हसून म्हणाल्या, "ते मालकास्नी ठावं." नाव त्यांचे, शेअर त्यांचा आणि बिलाची माहिती दुसऱ्याला! नाव लागले म्हणजे सगळे झाले असेही नाही, हे यावरून ध्यानात यावे.

चांदवडहून निघालेली वाट

हा प्रश्न आजचा नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. खेड्यापाड्यांतून लाखांच्या संख्येने बायका आल्या. त्यातून शेतकरी महिला आघाडीचे काम उभे राहिले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे आणि सहकारी कारखान्यांचे ऊसदरावरून किती वाद झाले, ते जुन्या सभासदांना सांगायला नको. त्या वादात आज शिरत नाही. पण चांगल्या कामाला चांगले म्हणायला वाद आड येऊ नये.

पुढे १९९० च्या सुमारास संघटनेने आणि महिला आघाडीने 'लक्ष्मी मुक्ती'चा कार्यक्रम हाती घेतला. कोर्ट नाही, मोर्चा नाही. नवऱ्याने आपल्या राजीखुषीने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा. ज्या गावात शंभर घरे असे करतील ते गाव 'लक्ष्मी मुक्ती गाव' म्हणून जाहीर व्हायचे आणि त्या गावाचा सत्कार व्हायचा. सांगणे साधे होते. आपण सरकारकडे कर्जातून मोकळे करा म्हणतो, मग घरच्या लक्ष्मीने जन्मभर फुकट राबून आपल्यावर जे ऋण चढवले, त्याचे काय? जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावाचे नाव यात अगदी आघाडीवर आहे. हळूहळू शेकडो गावांतून हा विचार फिरला.

त्याची दखल सरकारलाही घ्यावी लागली. १९९२ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढले की, पतीने स्वतःहून अर्ज केल्यास पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावावे. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क देणारा कायदा केला. २००५ मध्ये तो देशभर झाला. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. परंतु मुलीचा हक्क वेगळा आणि बायकोचा वेगळा. नवरा हयात असताना त्याच्या जमिनीवर बायकोचे नाव आपोआप लागत नाही. ते लावावे लागते.

मकामने काय केले

नवरा गेल्यानंतर तरी नाव सहज लागते काय? कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा आहे. १९५६ पासून आहे. पण कायदा मुंबई-दिल्लीत असतो आणि फेरफार गावात होतो.

महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', हे शेतकरी महिलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था, संघटना आणि कार्यकर्त्यांचे देशभरातले जाळे. २०१८ मध्ये मकामच्या लोकांनी मराठवाडा आणि विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत, शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेल्या ५०५ स्त्रियांची भेट घेऊन पाहणी केली. जी जमीन या बाया कसत होत्या, तिचा हक्क त्यांच्यातल्या शंभरातील चाळीस जणींना मिळालेला नव्हता. राहत्या घराचा हक्क तर शंभरात पस्तीस जणींनाच मिळालेला. आपल्याला पेन्शन मिळू शकते, हेच तीनातल्या एकीला ठाऊक नव्हते.

विचार करा. नवरा गेला, देणे राहिले. सावकार आणि बँक दोघेही दारात येतात, तेव्हा त्यांना बाईचे नाव बरोबर सापडते. पण नवीन पीक कर्ज मागायला ती गेली की, "तुमच्या नावावर काय हाय?" असा प्रश्न येतो. देण्याला वारस ती आणि जमिनीला मात्र दीर-सासरे!

मकामने ही माहिती घेऊन सरकारदरबारी पाठपुरावा केला आणि जून २०१९ मध्ये राज्य शासनाने या स्त्रियांच्या हक्कांबाबत शासन निर्णय काढला. एका कागदाने सगळे सुधारते असे आम्ही म्हणणार नाही. पण कागद हातात असला की तहसील कचेरीत बाईला मान वर करून बोलता येते, हेही थोडके नव्हे.

फडातला अर्धा कोयता

आपल्या उसाच्या फडातही तीच गत आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून तोडणीला टोळ्या येतात. तिथे हिशेब माणसांचा नसतो, कोयत्याचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेताना अंगठा वा सही बहुधा नवऱ्याची. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी बाई मात्र कोणत्याच वहीत नाही. तिचा स्वतंत्र पगार नाही, आणि एक दिवस पडून राहिली तर खाडा मात्र दोघांचा.

याचा परिणाम काय होतो, ते २०१९ मध्ये सर्वांपुढे आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. खाडा नको, दुखणे नको, म्हणून ऐन उमेदीत पोटावर सुरी! ऊसतोड बाईची मजूर म्हणून वेगळी नोंद करा, तिला तिच्या नावाचे ओळखपत्र द्या, अशी मागणी मकाम आणि इतर संघटना करीत आल्या आहेत. म्हणजे फिरून गोष्ट तीच, नावाची. आपल्या गाळपाचा प्रत्येक टन या बायांच्या डोक्यावरून आला आहे, हे सभासदांनी विसरू नये.

शंका आणि उत्तरे

हा विषय काढला की पारावर ज्या शंका निघतात, त्या आम्हीही ऐकल्या आहेत.

"बायकोच्या नावावर केली आणि उद्या ती म्हायेरी गेली तर?" सहधारक म्हणून नाव लावले तर मालकाचे नाव जात नाही. दोघांचेही राहते. उलट सगळी जमीन विकायची झाली तर दोघांच्या सह्या लागतात. दारूच्या नाही तर पत्त्याच्या नादात रातोरात जमीन गेल्याची उदाहरणे आपल्या कार्यक्षेत्रात नाहीत काय? तिची सही ही घराला लावलेली कडी आहे.

"खर्च फार येईल." परिपत्रकानुसार नाव लावायचे तर साध्या अर्जावर काम सुरू होते. ठराविक तुकडा बक्षीसपत्राने पूर्ण तिच्या नावे करायचा असेल, तर शेतजमीन पती-पत्नी वा मुलांना देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि इतर किरकोळ खर्च आधी विचारून घ्यावा.

"सोसायटीचा बोजा हाय, मग?" बोजा असेल तर आधी सोसायटीच्या सचिवांना भेटावे. त्यासाठी काम अडून राहण्याचे कारण नाही.

"तिला त्यातलं काय कळतंय?" या शंकेला आमच्याजवळ उत्तर नाही. ज्या बाईला कोणत्या सरीत हुमणी लागली ते कळते, तिला बिलाचा आकडा कळणार नाही, असे म्हणणाऱ्याने एक दिवस भांगलायला जाऊन पाहावे.

वारस नोंदीबाबत एक महत्त्वाची गोष्ट. घरात कोणी वारले तर तीन महिन्यांच्या आत वारसाची माहिती तलाठी भाऊसाहेबांना द्यावी. अलीकडे त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्जात पत्नी, मुलगे, मुली आणि आई असेल तर आई, या सर्वांची नावे घालावीत. फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. दुखवट्यात हे बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. पण संकेतापायी दोन हंगाम गेले की त्या बाईचे काय होते, ते आम्ही त्या गट कचेरीत पाहिले.

आणि नाव लागल्यावर बँकेत तिचे स्वतःचे खाते काढावे. शेअर तिच्या नावे असेल तर बिल त्याच खात्यावर जावे आणि पासबुक तिच्या ट्रंकेत असावे. सर्वसाधारण सभेलाही तिने यावे. संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी राखीव आहेत. पण सभासदच नसतील तर त्या जागांवर बसायला घरोघरच्या सुना-सासवा येणार कुठून?

घरचा सातबारा

शेवटी एक कबुली देतो. हा लेख लिहीत बसलो असता घरातून चहा आला आणि त्याबरोबर प्रश्नही आला. "एवढं लोकास्नी सांगताय, आपल्या उताऱ्यावर कुणाचं नाव हाय वो?"

आम्ही उठून कपाटातला उतारा काढला. वडिलांचे नाव, त्याला कंस, खाली आम्हा भावांची नावे. तीस वर्षे ज्या हातांनी त्या रानातले तण काढले, त्यांचे नाव कुठेच नव्हते. चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही भावांना बोलावून घेतले. थोडी कुरबूर झाली, ती व्हायचीच. आता आधी वाटणीपत्र आणि मग अर्ज, असे ठरले आहे. काम सरळ पार पडले तर पुढच्या अंकात तसे कळवू, आणि अडले तर कुठे अडले तेही कळवू.

सभासद बंधूंनो, येत्या आठवड्यात आपणही आपला उतारा काढून पाहावा आणि जिने तुमच्याबरोबर ऊस वाढवला, तिलाच तो वाचून दाखवायला सांगावे. त्यातली नावे तिच्या तोंडून ऐकली, म्हणजे पुढचे आम्ही सांगायला नको.