पन्नास हजार तारेचे नसतात

मुलाच्या दातांना तारा लावायचं ठरलं की घरातलं कुणीतरी बोलतंच, "एवढीशी तार, आणि पन्नास हजार?" वर पुस्ती जोडली जाते की ऑनलाइन तीच तार काही शे रुपयांत मिळते. हे ऐकलं की चीड येते. या एका समजुतीपायी पालक नको तिथे पैसे वाचवायला जातात आणि भोगावं लागतं मुलाला.

तार स्वस्त असते, हे खरं. पण दात नुसत्या ओढण्याने सरकत नाही, तो हाडातून वाट काढतो. हलका दाब पडला की मुळाच्या पुढच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं हाड भरतं. हा वेग शरीर ठरवतं, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. घाईने जोर लावला तर दातांची मुळं झिजून आखूड होऊ शकतात. म्हणून उपचार दीड-दोन वर्षं चालतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्यात जावं लागतं.

त्या भेटीत काय चालतं, ते एकदा मुलाच्या खुर्चीशेजारी उभं राहून बघा. प्रत्येक दातावरची बारीक रबरी कडी आकड्याने सोडवली जाते, जुनी तार बाहेर येते. सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची, बऱ्याचदा ०.०१४ इंच जाडीची, कशीही वाकवली तरी मूळ आकारात परतणारी. पुढे जाड, मग स्टीलची. कुठला दात किती हलला, वरच्या-खालच्या दातांची मधली रेषा जुळली का, हे पाहून पुढची तार ठरते. ही नजर यायला पाच वर्षांचं बीडीएस आणि वर ऑर्थोडॉन्टिक्समधलं तीन वर्षांचं एमडीएस लागतं. पन्नास हजारांना वीस भेटींनी भागा, भेटीला अडीच हजार येतात. त्यातच दातांवर चिकटवायचे ब्रॅकेट, साहित्य, मदतनीसांचा पगार आणि जागेचं भाडं आलं. पैसे या देखरेखीचे आहेत.

म्हणून प्रत्येक आकडा रास्त असतो असं मुळीच नाही. सिरॅमिक ब्रेसेस महाग, काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनर तर लाखाच्या घरात जातात आणि बहुतेक मुलांचं काम धातूच्या साध्या ब्रेसेसने चोख होतं. महागडा पर्याय सुचवला तर तो का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

"सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू," हा सल्लाही असाच महागात पडतो. सातव्या वर्षी एकदा तपासणी करावी, असं अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स सांगते. तपासणी म्हणजे लगेच तारा नव्हेत. पण खालचा जबडा मागे असेल, तर वाढीच्या वयात साध्या उपकरणाने त्याला दिशा देता येते. वाढ संपल्यावर तीव्र दोषाला शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही.

आता नेहमी कानावर येणारे काही प्रश्न. वरचा दात काढला की नजर जाते? दाताची आणि डोळ्यांची नस वेगळी, नजरेला काहीही होत नाही. विमा खर्च देईल? बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी ब्रेसेसचा खर्च देत नाहीत. तारा निघाल्या की सुटलो? दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वापरला नाही तर दात परत जागा सोडतात आणि सगळा खर्च पाण्यात जातो. घरपोच अलाइनर मागवून भागेल? ते विकणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली आणि ग्राहक उपचाराच्या मध्यावरच अडकले.

खासगी खर्च झेपत नसेल, तरी मार्ग आहे. मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हे उपचार खासगीपेक्षा खूप कमी खर्चात होतात. एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. थांबावं लागतं, फेऱ्या होतात, पण शास्त्र तेच असतं.

आणि खासगीत जाणार असाल तर अंदाजपत्रक लेखी मागा. एक्स-रे, दात काढणं, तुटलेलं ब्रॅकेट पुन्हा बसवणं आणि शेवटचा रिटेनर त्यात धरले आहेत का, हप्ते कसे आहेत आणि उपचार करणारे डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समधले एमडीएस आहेत का, हे पहिल्याच भेटीत विचारा.