वाटेवरचा मुक्काम : तीन पिढ्या आणि केडगाव

पुण्याहून छत्रपती संभाजीनगरास जाणारा रस्ता सुमारे २३५ किलोमीटर लांबीचा आहे. तरुण मनुष्य सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणास तेथे पोहोचतो, आणि वाटेत एकदा चहा घेतला म्हणजे त्याची विश्रांती झाली. परंतु त्याच मोटारीत पंचाहत्तर वर्षांचे आजोबा, गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार झालेली आजी आणि सहा वर्षांची नात बसली, की हे सारे गणित बदलते. रस्ता तेवढाच राहतो. त्यावर खर्च होणारी शक्ती मात्र प्रत्येकाची निराळी असते.

अशा प्रवासात लहान मूल थकले तर रडून सांगते. वृद्ध मनुष्य सांगत नाही. आपल्यामुळे मुलांच्या आनंदात व्यत्यय येऊ नये, या भावनेने तो म्हणतो, "मी गाडीतच बसतो, तुम्ही पाहून या." हे वाक्य एकदा ऐकू आले तर त्यात काही विशेष नाही. पण एकाच दिवसात ते तीनदा ऐकू आले, तर प्रवासाची आखणी चुकली असे खुशाल समजावे. ज्यांना बरोबर नेण्यासाठी सारा खटाटोप केला, तेच गाडीच्या काचेमागे राहिले, असा त्याचा अर्थ होतो.

यावर जगभर एकच उपाय सापडलेला आहे, तो म्हणजे वाटेवरचा मुक्काम. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मुलांकडे जाणारे आईवडील पॅरिसहून ॲमस्टरडॅमला निघाले, म्हणजे मध्ये ब्रुसेल्स किंवा गेंट येथे थांबतात. व्हिएन्नाहून प्रागला जाताना ब्रनो हे गाव सोयीचे पडते. पुणे आणि संभाजीनगर यांच्या मधोमध असेच ठिकाण अहिल्यानगर होय. २०२४ सालापर्यंत त्याचे नाव अहमदनगर होते. पुण्यापासून ते सुमारे १२० किलोमीटर, आणि तेथून संभाजीनगर जवळजवळ तितकेच पुढे. पुण्याकडून येणाऱ्यास शहराच्या आधी केडगाव लागते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तथापि रेणुकामातेच्या देवस्थानामुळे त्याची स्वतंत्र ओळख टिकून आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातही केडगाव नावाचे गाव आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनाचे केडगाव ते हेच, आणि पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव स्थानकही तेथलेच. उतरण्याची जागा ठरविताना किंवा आप्तांस पत्ता कळविताना जिल्ह्याचे नाव न विसरता घालावे. रेल्वेने संभाजीनगरास जावयाचे तर दौंड, अहिल्यानगर व मनमाड असा मोठा वळसा पडतो. म्हणून वृद्धांसह जाणाऱ्या कुटुंबास रस्ताच अधिक सोयीचा.

आता मुक्काम किती दिवसांचा असावा? पुष्कळ मंडळी एक रात्र पुरेशी मानतात, आणि तेथेच फसतात. एका रात्रीच्या मुक्कामात सायंकाळी सामान सोडावयाचे आणि सकाळी पुन्हा बांधावयाचे. विश्रांतीच्या नावाखाली श्रम मात्र दुप्पट होतात. हे श्रम बहुधा घरातील सुनेच्या वाट्यास येतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दोन रात्री राहिल्यास मधला एक संपूर्ण दिवस असा मिळतो, की ज्या दिवशी कोणासही कोठे पोहोचावयाचे नसते. हा मोकळा दिवस हेच मुक्कामाचे खरे फळ आहे. शिवाय पुढे वेरूळची लेणी, देवगिरीचा किल्ला आणि अजिंठा पाहावयाचा असतो. देवगिरीची चढण भल्याभल्यांस दमविते. त्या दिवसांसाठी पायांतील बळ राखून ठेवणे, हा या थांब्याचा दुसरा हेतू होय.

उतरण्याची जागा निवडताना खोलीची शोभा नंतर पाहावी. खोली तळमजल्यावर आहे काय, किंवा उद्वाहक चालू आहे काय. शौचकूप खुर्चीच्या पद्धतीचे आहे काय. रात्री दिवा न शोधता तेथवर जाता येते काय. हे प्रश्न आधी विचारावेत. केडगावकडील बाजूस राहिल्यास पुण्याहून येताना शहरातील गर्दी ओलांडावी लागत नाही, आणि वेळप्रसंगी शहरातील डॉक्टर व औषधांची दुकानेही हाकेच्या अंतरावर राहतात. औषधे मात्र सामानाच्या तळाशी न घालता हातातील पिशवीत असावीत. खर्च कोणी कसा करावयाचा, हेही निघण्यापूर्वीच बोलून ठेवावे. नाहीतर प्रत्येक देयकापाशी बापलेकांची ओढाताण होते आणि जेवणाची चव जाते.

पुण्याहून सकाळचा नाश्ता आटोपून निघावे. फार वेळ एकाच जागी बसल्याने वृद्धांच्या पायांवर सूज येते आणि सांधे आखडतात. यास्तव दर दीड तासाने सर्वांनी खाली उतरून चार पावले टाकावीत. पहिला थांबा सुमारे ५० किलोमीटरवरील रांजणगाव येथे करता येतो. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान असल्याने आजीच्या मनालाही समाधान लाभते. पुढे शिरूर व सुपे ओलांडून दुपारच्या आत केडगावास पोहोचावे, जेवावे आणि निजावे. दुपारी एक ते चार ही वेळ कोणत्याही स्थळास देऊ नये. या तीन तासांवर पुढची सारी संध्याकाळ अवलंबून असते.

सायंकाळी रेणुकामातेचे दर्शन घेतले, की पहिल्या दिवसाचे कार्य संपले. नवरात्रात येथे मोठी गर्दी लोटते. ज्यांना यात्रेचे आकर्षण आहे त्यांनी ते दिवस अवश्य निवडावेत. ज्यांच्याबरोबर काठी टेकणारे माणूस आहे त्यांनी ते टाळावेत.

मधल्या दिवसासाठी नियम साधा आहे. सर्वांनी मिळून एकच स्थळ पाहावे, बाकीचे ज्याने त्याने आपल्या शक्तीप्रमाणे. या एका स्थळाची निवड करताना शहराजवळचे रणगाडा संग्रहालय प्रथम विचारात घ्यावे. लष्कराने १९९४ साली ते उभारले. जुन्या काळच्या चिलखती मोटारींपासून भारतीय बनावटीच्या विजयंता रणगाड्यापर्यंत अनेक वाहने तेथे उघड्या पटांगणावर मांडलेली आहेत. जमीन सपाट असल्याने आजोबांस चालणे जड जात नाही, आणि नातवंडांस तर तेथून हलवावे लागते.

आजोबांस इतिहासाची आवड असेल तर भुईकोट किल्ला निवडावा. अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास हे शहर वसविण्यास आरंभ केला. पुढे १५९५–९६ मध्ये चांदबिबीने याच किल्ल्यातून मोगलांच्या वेढ्यास तोंड दिले. १८०३ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीचे नेते येथेच आणून ठेवले गेले. जवाहरलाल नेहरूंनी 'भारताचा शोध' हा ग्रंथ १९४४ साली या बंदिवासात लिहिला. मौलाना आझाद व वल्लभभाई पटेल हेही तेथे त्यांचे सहबंदी होते. १९४२ चे दिवस आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेला आजोबा येथे नातवास जे सांगेल, ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. किल्ला लष्कराच्या ताब्यातील असल्याने ओळखपत्रे जवळ बाळगावीत आणि प्रवेशाची चौकशी आदल्या दिवशी करावी.

ज्या तरुणांचे पाय स्वस्थ बसत नाहीत, त्यांनी पहाटे सलाबतखानाच्या थडग्याकडे जावे. लोक त्यास चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीतील एका मंत्र्याची कबर आहे. शहराच्या पूर्वेस डोंगरावर उभी असलेली ही तीन मजली अष्टकोनी इमारत दुरूनही दिसते. मंडळी परत येईपर्यंत वडीलधारी माणसे स्नान, पूजा व चहा उरकून बसलेली असतात, आणि कोणी कोणाची वाट पाहिली असे वाटत नाही. ज्यांस शांतता हवी, त्यांच्यासाठी दौंड रस्त्यावर अरणगावाजवळ मेहेराबाद आहे. १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळणाऱ्या मेहेरबाबांची समाधी तेथील टेकडीवर आहे.

हा सारा प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. एप्रिल व मे महिन्यांतील ऊन वृद्धांस सोसवत नाही. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. त्यातही थंडीत ज्वारीचा हुरडा निघतो तेव्हा आगटीभोवती तिन्ही पिढ्या आपोआप गोळा होतात. आजोबांचे दात हुरड्यास साथ देत नसतील तर पिठले आणि मऊ भाकरी आहेच. अनोळखी गावी रात्रीचे जेवण साधे आणि लवकर घ्यावे.

तिसऱ्या दिवशी न्याहारीनंतर निघावे. निम्म्या वाटेवर महामार्गापासून थोडे आत नेवासे आहे. तेथील ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो 'पैस' आजही पूजिला जातो. ग्रंथाचा काल शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० होय. त्यापुढे प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीस मिळते. या दोहोंपैकी एकच थांबा निवडावा, आणि कोणता ते आजीस विचारावे.

विचारणे हाच या आखणीचा गाभा आहे. निघण्यापूर्वी एका सायंकाळी सर्वांनी एकत्र बसावे. आजोबांस "तुम्हाला जमेल ना?" असे विचारू नये, त्यावर ते "हो" म्हणणारच. "किल्ला पाहावयाचा की रणगाडे?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नात त्यांच्या शक्तीची परीक्षा आहे, दुसऱ्यात त्यांच्या आवडीस मान आहे. पाण्याची बाटली नातवाकडे द्यावी, नकाशा नातीच्या हाती असावा, आणि गाडी केव्हा थांबवावयाची हे सांगण्याचा अधिकार आजोबांकडे असावा. असे अधिकार ज्याच्या हाती असतात, तो मनुष्य सहसा गाडीत बसून राहत नाही.