वेठबिगारीचा कापूस आणि आयातबंदी
वेठबिगारीने तयार झालेला माल आयात करण्यास अमेरिकेत १९३० पासून कायद्याने बंदी आहे. पण देशी उत्पादन मागणीस पुरत नसल्यास सूट मिळे. ही पळवाट २०१६ साली बंद झाली. खरी धार आली ती २१ जून २०२२ पासून. चीनच्या शिंजियांगमधील कापूस ज्या मालात आहे तो वेठबिगारीचाच धरतात. तसे नाही हे आयातदाराने सिद्ध करावयाचे. भारतात शिवलेल्या सदऱ्यालाही हाच नियम. मात्र सूत कातल्यावर कापसाचे गाव डोळ्यांना कसे कळावे? म्हणून सीमाशुल्क अधिकारी पार शेतापासूनची खरेदीपत्रे मागतात, प्रयोगशाळेत तंतूही तपासतात. आपल्याकडे जिनिंगमध्ये अनेक गावांचा कापूस एकाच ढिगात पडतो. कागदांची साखळी तेथेच तुटते. विक्रीच्या वेळी काटापट्टी व पावती मागून घ्यावी.